धोरण घडविणारे बाबासाहेब



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लेख द्या, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी गिरणीतला माणूस, शाळा लवकर सुटलेला. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, नाहीतर गाडीत बसून. तरी होय म्हटलं. कारण बाबासाहेबांच्या जीवनातली एक बाजू आपल्या उंबरमाळीच्या भाषणांत फार कमी येते असं मला बरेच दिवस वाटत आहे.

महाडचं तळं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या घरातल्या लहान पोरालासुद्धा पाठ आहे, आणि ते असायलाच हवं. पण बाबासाहेब सरकारचं धोरण ठरविणारे अभ्यासू अधिकारी आणि मंत्री होते, त्यासाठी त्यांनी कोणती तयारी केली, कुठून सुरुवात केली, कुठे जिंकले आणि कुठे हरले, हे आपण सांगत नाही. आज आपली मुलं-मुली बी.ए., बी.कॉम. होतात. कुणी स्पर्धा परीक्षेला बसतं, कुणी आसनगाव, वाशिंद, मुरबाडकडच्या कंपन्यांत जातं. परीक्षा देणाऱ्या पोराला विचारलं तर साहेब व्हायचंय म्हणतो. पण साहेब ज्या कागदावर सही करतो तो कागद कोण लिहितो, त्यातला आकडा कोण ठरवतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाबासाहेबांनी तो विद्यार्थी असतानाच विचारला होता. म्हणून हा लेख.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर कुटुंब दापोली, सातारा करीत मुंबईला आले आणि परळच्या गिरणगावात चाळीत राहू लागले. म्हणजे बाबासाहेबांचा अभ्यास झाला तो गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे त्यांनी मुख्य विषय घेतला तो अर्थशास्त्र. हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. त्या काळी आपल्याकडून परदेशी जाणारे बहुतेक लोक बॅरिस्टर व्हायला जात. त्यात मान होता आणि पैसाही होता. बाबासाहेबांनी आधी सरकारचा पैसा येतो कुठून, जातो कुठे, कर कुणावर बसतो आणि खर्च कुणासाठी होतो हे शिकून घेतलं. प्राध्यापक सेलिग्मन हे करविषयक शास्त्रातले जगातले मोठे नाव, त्यांच्या हाताखाली ते शिकले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी असा दुहेरी अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं.

करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखात्यात न्यायचं होतं. पण त्या शहरात एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले तर काठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद लांबून टेबलावर टाकीत. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं. आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात दुसरंही एक दिसतं. राज्यकारभारात शिरायचा त्यांचा पहिला दरवाजा तिथे बंद झाला. शिक्षण होतं, महाराजांचा पाठिंबा होता, जागाही होती, तरी जात आड आली. दुसरा एखादा असता तर नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता.

बाबासाहेबांनी काय केलं? लिहायला बसले. १९१८ साली त्यांचा हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावेळी सरकार आणि मोठमोठे विद्वान म्हणत होते की शेतकरी गरीब आहे कारण त्याचे तुकडे लहान आहेत, तेव्हा तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी आकडे तपासून सांगितलं की दुखणं नुसतं तुकड्याचं नाही. त्या तुकड्यावर किती हात अवलंबून आहेत, बैल, अवजारं आणि भांडवल किती आहे, हे बघा. जमिनीवर नको इतकी माणसं आहेत आणि त्यांना दुसरं काम नाही, म्हणून उद्योगधंदे वाढले पाहिजेत. आपल्या शहापूर-मुरबाडच्या भाताच्या खाचरांकडे बघा. भातकापणी झाली की गावातली अर्धी माणसं कामासाठी बाहेर पडतात. २७ वर्षांच्या तरुणाने १९१८ साली लिहिलेलं आपल्याला आजही दारात दिसतं. पुढे १९२७ मध्ये तुकड्यांविषयीचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा याच अभ्यासाच्या जोरावर त्यांनी त्याला विरोध केला.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आणि जानेवारी १९१९ मध्ये मतदानाचा हक्क कुणाला द्यावा हे ठरविणाऱ्या साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांची धोरणाच्या कामातली पहिली पायरी कोणती म्हणाल तर ती ही. कुठलं पद नाही, पक्ष नाही, मागे मोर्चा नाही. एक लेखी निवेदन आणि त्यावर प्रश्नोत्तरं. अस्पृश्यांना मत हवं, आपले प्रतिनिधी हवेत, हे त्यांनी अर्ज-विनंतीच्या भाषेत मांडलं नाही. लोकसंख्या, मिळकत आणि मताधिकाराची अट यांचा हिशेब घालून मांडलं.

प्राध्यापकीच्या पगारातून काटकसर केली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा हातभार लागला, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी जानेवारीत मूकनायक सुरू झाला होता. लंडनमध्ये अर्धपोटी राहून, दिवसभर ग्रंथालयात बसून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली, बॅरिस्टरही झाले. इकडे परळच्या खोलीत माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. त्यांच्या वाट्याचा त्याग या पदव्यांत आहे, हे आपल्या भगिनींना वेगळं सांगायला नको.

डी.एस्सी.चा विषय होता रुपयाचा प्रश्न. १९२३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. विषय किचकट आहे, मलाही तो दोन-तीनदा वाचून थोडा कळला. सार असं की रुपयाची किंमत घसरली म्हणजे बाजारातल्या वस्तू महागतात, पण मजुराची मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून चलनाच्या गडबडीत मरतो तो गरीब. चलन वाढवण्याचा मोकळा अधिकार सरकारच्या हातात नसावा, असं त्यांचं मत होतं. डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, ज्याला हिल्टन यंग कमिशन म्हणतात, त्यांनी साक्ष दिली. आपल्या भाषणांत आपण सांगतो की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून निघाली. एवढं सोपं ते नाही. त्या कमिशनने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला, १९३५ मध्ये बँक सुरू झाली, आणि कमिशनपुढे अनेकांच्या साक्षी झाल्या, त्यांत बाबासाहेबांची एक होती. पण अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या देशात त्यांच्यातला एक माणूस साम्राज्याच्या चलनावर कमिशनला सल्ला देतो, ही गोष्ट वाढवून न सांगताही पुरेशी मोठी आहे. खरं आहे तेवढंच सांगावं. बाबासाहेबांना फुगवण्याची गरज नाही.

दुसरं पुस्तक १९२५ मधलं, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेविषयीचं. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी व्हायची, त्याचा इतिहास त्यात आहे. याच प्रबंधावर कोलंबियाने १९२७ मध्ये पीएच.डी. दिली. आता बघा, पंचवीस वर्षांनी आलेल्या आपल्या राज्यघटनेत कलम २८० खाली वित्त आयोगाची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा निधी आला म्हणून आपण म्हणतो, गटाराचं काम त्यातून करतो, तो आयोग याच कलमाखालचा. एखाद्या विषयात माणूस आयुष्यभर कसा खोल जातो याचा हा दाखला आहे.

पोटापाण्यासाठी त्यांनी हायकोर्टात वकिली केली, खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. बॅरिस्टर असूनही सुरुवातीला पक्षकार मिळेनात. पण १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद झाले आणि पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलले. त्यांनी दाखवून दिलं की शेतकऱ्याचं पीक बुडालं तरी शेतसारा द्यावाच लागतो, आणि शहरातल्या कमावत्या माणसाला मात्र ठराविक रकमेपर्यंत आयकर माफ असतो. दुसरी गोष्ट अशी सांगितली की सरकार दारूच्या करातून जितकं मिळवतं तितकं तरी शिक्षणावर खर्च करावं. घरातला रोजंदारीचा पैसा गुत्त्यात जातो आणि पोरगं शाळेबाहेर राहतं हे गिरणगावात राहणाऱ्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण ते अंदाजपत्रकाच्या आकड्यात पकडून सभागृहात मांडणं, ही विद्या आहे.

१९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला आणि या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलावा असं मत दिलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. त्याच १९२८ साली त्यांनी महार वतनाचं विधेयक आणलं. वतन म्हणजे काय ते आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दोन-चार गुंठ्यांची इनाम जमीन आणि बलुत्याचे चार दाणे, आणि त्याच्या बदल्यात सगळं घरदार रात्री-बेरात्री सरकारचं आणि गावाचं नोकर. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की जमीन पूर्ण साऱ्यावर महाराच्या नावे करा आणि त्याला या वेठीतून मोकळं करा. विधेयकात इतके बदल सुचवले गेले की मूळ हेतूच राहीना, तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं. वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तो पाहायला बाबासाहेब नव्हते. तीस वर्षं लागली. धोरणाचं काम असं असतं. पेरणारा एक आणि कापणीला दुसरेच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्या काळात साचाखात्यात, म्हणजे मागावर, आपल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि आपल्या ओठाला लागलेला धोटा दुसरा कामगार धरायला तयार नसे. मागावर पगार चांगला, म्हणून तिथे विटाळ जास्त. कमी पगाराच्या खात्यांत मात्र आपली माणसं चालत होती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की कामगारांच्या एकजुटीत हा प्रश्न कुठे बसतो. मालकाशी भांडायचं ते भांडूच, पण कामगार कामगाराला शिवत नाही त्याचं काय? हा प्रश्न तेव्हा अनेकांना आवडला नाही. मालक आणि जात या दोन्हींकडे एकाच वेळी बघितल्याशिवाय कामगारांचं धोरण पुरं होत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

१९३० ते १९३२ गोलमेज परिषदा झाल्या, त्या सर्वांना माहीत आहेत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे बरेच उमेदवार मुंबई कायदेमंडळात निवडून आले. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर आले, त्यात कुणबी होते, महार होते. तरी ते विधेयक पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९३८ मध्ये संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक कलह विधेयक आलं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्याच बरोबर कामगारांच्या प्रश्नावर ते उभे राहिले. विधेयक तरीही पास झालं.

म्हणजे हिशेब मांडला तर वतन विधेयक मागे, खोती विधेयक नामंजूर, औद्योगिक कलह विधेयकात पराभव. पण या पराभवांत त्यांनी कायदा लिहायची, वाद घालायची आणि समोरच्याचं म्हणणं कलमागणिक तपासायची तालीम केली. ती १९४२ मध्ये कामाला आली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि जून १९४६ पर्यंत त्या जागेवर होते. एवढ्या चार वर्षांत त्यांनी जे केलं त्यावर आपण गिरणी कामगार आजही जगतो. सूत्रं घेतल्या घेतल्या ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाभोवती बसवणारी परिषद दिल्लीत भरली. त्याआधी कामगारांविषयी ठरायचं, पण कामगारांना समोर बसवून क्वचित.

आठ तासांविषयी आपण नेहमी बोलतो. त्याचा खरा हिशेब असा. आपल्या ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्याने ५४. बाबासाहेबांच्या खात्याने कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून ते ४८ केले, आणि ती १ ऑगस्ट १९४६ पासून लागू झाली. सहा दिवसांचे आठ-आठ तास ते हे. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं, कायदा झाला १९४८ मध्ये. कामगारांच्या आजारपणाच्या विम्यासाठी प्राध्यापक अडारकर यांना त्यांच्या खात्याने काम दिलं, १९४४ मध्ये अहवाल आला, त्यावरून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीला योजना सुरू झाली. आपल्या खिशात ई.एस.आय.चं कार्ड असतं त्याचा हा इतिहास.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि कामगारांच्या झोपड्या पाहिल्या. खाणमजुरांसाठी १९४४ मध्ये कल्याण निधी सुरू झाला, खाणीतल्या स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ वाढवून मिळाला. पण इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांना खाणीच्या पोटात कामाला न पाठवण्याची बंदी उठवली. मंत्री बाबासाहेबच होते. त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी सभागृहात ती टाळली नाही, उत्तर दिलं, आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल ही अट पुढे केली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेच्या खुर्चीवर बसलं की सगळं आपल्या मनासारखं होत नाही. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडावं लागतं आणि त्याचा जाब द्यावा लागतो. आपल्या मुलांना धोरणाच्या कामात पाठवायचं तर हेही शिकवलं पाहिजे.

मजूर खात्याकडेच त्यावेळी पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. बाबासाहेबांनी तेवढ्यापुरता बांध न घालता सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करायला लावला. पूर अडवायचा, शेतीला पाणी द्यायचं आणि वीज काढायची, तिन्ही एकाच योजनेत. त्यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं. देशाच्या जलमार्ग आणि पाटबंधारे यांसाठी केंद्रीय मंडळ १९४५ मध्ये त्यांच्याच काळात निघालं. भावांनो, आपण शहापूर तालुक्यातले. आपल्या तालुक्यातला तानसा तलाव १८९२ मध्ये बांधून झाला तेव्हा बाबासाहेब एक वर्षाचे होते. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं, आणि आपल्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. पाणी कुणाचं हे ढगाने ठरवलेलं नाही, कुणीतरी कागदावर ठरवलेलं आहे. तो कागद वाचणारा आणि त्यावर उत्तर लिहिणारा माणूस आपल्यात हवा.

मंत्री असताना त्यांनी आपल्या माणसांसाठी दाद मागितली तीही लेखी निवेदनानेच. ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर टिपण त्यांनी व्हाइसरॉयला दिलं. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखल्या गेल्या, १९४६ मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि त्यातून आपले काही विद्यार्थी परदेशी गेले. स्वतःला शिष्यवृत्ती संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं होतं, ते हा माणूस विसरला नव्हता. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९४६ मध्ये बंगालमधून घटना समितीत, १५ ऑगस्ट १९४७ रोजी कायदामंत्री, २९ ऑगस्टला मसुदा समिती, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर. पण एक खंत त्यांच्या मनात राहिली. ते अर्थतज्ज्ञ होते, त्यांना नियोजनाचं खातं हवं होतं. ते मिळालं नाही. हिंदू कोड बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हा राजीनाम्याचा एक भाग होता, मागासवर्गीयांची उपेक्षा आणि त्यांच्या ज्ञानाला काम न देणं हाही होता. ज्या खुर्चीत राहून काम होत नाही ती खुर्ची त्यांनी सोडली. पुढे त्या बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये वेगवेगळे कायदे झाले आणि देशातल्या हिंदू स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क मिळाले.

१९५२ आणि १९५४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकांत त्यांचा पराभव झाला. तरी राज्यसभेत बसून ते अभ्यास करीत राहिले. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात बिहार आणि मध्य प्रदेश यांची विभागणी सुचवली. ती दोन्ही राज्यं २००० साली विभागली गेली. साखरेचा आजार, पाय साथ देईनात, दृष्टी कमी होत चाललेली, तरी टेबलावरचा दिवा उशिरापर्यंत जळत असे.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. जुलै १९५६ मध्ये, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या पाच महिने आधी, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. कायदेमंडळात गेलेल्या माणसाला अंदाजपत्रक वाचता यावं, कायदा समजावा, बोलता यावं, ही त्यांची तळमळ होती. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, आणि काही महिन्यांत ती शाळाही बंद पडली. त्यांच्या नावाने आपण पुतळे उभे केले, कमानी उभ्या केल्या, विहारं बांधली. ती बांधायलाच हवी होती. पण ती पंधरा जणांची शाळा आपण पुन्हा उघडली नाही. हा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही, त्यात मीही आहे.

एक अनुभव सांगतो. मी एका गिरणीत बदली कामगार असताना आमच्या जादा तासांचे पैसे कापले गेले. आम्ही आठ-दहा जण साहेबाच्या केबिनबाहेर ओरडलो, घोषणा दिल्या, काही झालं नाही. मग एका जुन्या कामगाराने मला कारखाने कायद्याची मराठी पुस्तिका दिली. पंधरा दिवस वाचली, कलम शोधलं, हजेरीचे तास वहीत लिहिले आणि अर्ज केला. सगळे पैसे मिळाले नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून कापणं थांबलं. तेव्हा मला कळलं की घोषणेने दार वाजतं, उघडतं ते कागदाने. दोन्ही लागतात.

आज कामगार कायदे बदलले आहेत. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने चार संहिता केल्या आणि जुने २९ कायदे त्यांत घेतले. त्यात आपलं काय राहिलं, काय गेलं, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचलं? ज्या आठ तासांसाठी, ज्या विम्यासाठी बाबासाहेबांनी रात्री जागवल्या, ते आपल्याकडे आहेत की नाहीत हे आपल्यालाच सांगता येत नसेल तर नुसत्या हाराने काय होणार?

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. आपल्या विहारात दर रविवारी वंदना होते. वंदना झाल्यावर एक तास थांबू या. पहिल्या महिन्यात आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणून वाचू या. मागासवर्गीयांसाठी पंधरा टक्के खर्च करायचा असतो तो झाला का, कशावर झाला, ते बघू या. ग्रामसभेला जाताना लेखी प्रश्न घेऊन जाऊ या. शिकलेल्या मुलांनी वाचून दाखवावं, आयाबहिणींनी प्रश्न विचारावेत, कारण पाणी, रेशन आणि दवाखाना यांचा खरा हिशेब त्यांच्याकडेच असतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी आणि मुलांनी अर्थशास्त्राला घाबरू नये. कुणी एक जण त्यातून पुढे जिल्हा परिषदेत, मंत्रालयात, एखाद्या आयोगापुढे साक्ष द्यायला उभा राहिला तर आपल्या विहाराचं सार्थक झालं म्हणेन.

बाबासाहेबांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे राहायला खोली नव्हती, पण समितीपुढे ठेवायला लिहिलेलं निवेदन होतं. आपल्याकडे आज निदान विहाराची ही एक खोली आहे. तिथे सतरंजी टाकून बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

लेखात काही चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं, सुधारून घेईन.